झोपेची गोळी मागण्याआधी घडलेलं सांगा
(आमच्या दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबांसाठी, ठाणे पश्चिम)

"डॉक्टर, झोपेची गोळी तेवढी लिहून द्या ना." दवाखान्याच्या व्हॉट्सअॅपवर असे निरोप सारखे येतात. ही चिठ्ठी आम्ही फोनवर देत नाही. त्याचं कारण काउंटरवर गर्दीत नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

तक्रारी ठरलेल्या असतात: धडधड, छातीत दडपण, पित्त, डोकं जड, रात्री दचकून जाग. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन आम्ही एकदा बघतोच आणि ते बघायलाच हवं. रिपोर्ट नॉर्मल येतात. मग पेशंट दुसरीकडे जातो, पुन्हा त्याच तपासण्या होतात आणि महिने निघून जातात. शेवटी कधीतरी घरचं माणूस सहज बोलून जातं, "घोडबंदर रोडवर ट्रकने उडवलं, तेव्हापासून हे असे झालेत." कुणी गर्दीच्या लोकलमधून माणूस पडताना पाहिलेला असतो. कुणी कोविडमध्ये आयसीयूत शेजारचा बेड रिकामा होताना पाहिलेला असतो, कुणी घरातच मार खात असते. "त्याचा याच्याशी काय संबंध?" असं वाटून हे आम्हाला सांगितलं जात नाही. सगळ्यात जास्त वेळ जातो तो यातच.

अशा घटनेनंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, तेच तेच आठवणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं आणि त्यासाठी लगेच औषध लागत नाही. महिना उलटूनही प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, तो रस्ता किंवा ती गाडी टाळली जात असेल, हॉर्न वाजला तरी अंग थरथरत असेल, माणसांतून मन उडालं असेल, तर तो पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगाच्या धक्क्यानंतर जडणारा मनाचा आजार, असू शकतो. आम्ही हो-नाही उत्तरांचे पाच प्रश्न विचारतो. त्यावरून निदान पक्कं होत नाही, पुढे नीट तपासायला हवं की नको एवढं कळतं. घटनेचा तपशील सांगण्याची सक्ती नाही. "एक अपघात झाला होता" एवढंही पुरतं.

आता गोळीबद्दल. अल्प्राझोलामसारख्या गोळीने रात्र निघते, पण हा आजार बरा होत नाही आणि सवय लागते. ती शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीत आहे, केमिस्टला तिची नोंद ठेवावी लागते. शेजाऱ्यांची चिठ्ठी दाखवून ती आणू नका. आधीपासून रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, आम्ही ती हळूहळू कमी करून देतो.

खरा उपचार म्हणजे त्या घटनेवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत, साधारण आठ ते बारा सत्रांची. गरज पडली तर सर्ट्रालिनसारखं नैराश्य-चिंतेवरचं औषध. त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवूही नका.

मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की इथल्या लोकांना मनोरुग्णालयच आठवतं. या आजाराच्या बहुतेक पेशंटना भरती व्हावं लागत नाही. ते नोकरी-घर सांभाळून उपचार घेतात. तज्ज्ञांकडे पाठवताना चिठ्ठी आम्ही देतो, त्यांच्याशी स्वतः बोलतो आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांशी नवीन औषध जुळतंय का ते पाहतो. तुमच्या ओळखीचे फॅमिली डॉक्टर असण्याचा उपयोग इथे होतो. तुम्ही सांगितलेलं सोसायटीत किंवा ऑफिसात जात नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे. विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक मिळावी, असं तोच कायदा सांगतो.

या तपासणीला आम्ही दुपारची वेळ देतो, कारण संध्याकाळच्या ओपीडीत पाच मिनिटांत हे होत नाही. म्हणून तिची फी नेहमीपेक्षा जास्त आहे. फोन करून "जास्त वेळ हवा" एवढंच सांगा, रिसेप्शनला कारण सांगू नका. येताना जुने रिपोर्ट आणा, म्हणजे तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत. सोबत घरचं माणूस चालेल, पण पहिली काही मिनिटं आम्ही पेशंटशी एकट्यानेच बोलतो.

जीव द्यावासा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, लगेच या किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. दवाखाना बंद असला तरी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.