खाजणातील जीवसृष्टी (कोकण)

खाडीकाठची खारी दलदल मातीच्या बांधाने अडवून केलेल्या भातजमिनीत व तिच्या कडेने टिकलेल्या मूळच्या वनस्पती व प्राणी. रायगडात या जमिनीला खार, दक्षिण कोकणात व गोव्यात खाजण म्हणतात.

बंदिस्तीच्या प्राचीनतेविषयी मतभेद आहेत. गोव्यातील काही बांध तीन हजार वर्षांपूर्वीचे असावेत, असे काही अभ्यासक मानतात. लेखी पुरावा त्याहून बराच अलीकडचा आहे : गोव्यातील भोज घराण्याच्या राजांच्या ताम्रपटांत (सु. सहावे शतक) खाजणाचे उल्लेख येतात. पेणकडील पुष्कळ बांध शिलोत्रीदारांनी (बांध घालून खार जमीन लागवडीस आणणाऱ्यांनी) सवलतीच्या अटींवर सु. 1755–80 या काळात घातल्याचे एकोणिसाव्या शतकातील जिल्हा वृत्तांतात नमूद आहे. त्या बांधांपुरता हा काळ ग्राह्य वाटतो. तत्पूर्वीची लहान बंदिस्ती त्यामुळे नाकारली जात नाही.

बांधाबाहेर तिवर, कांदळ व चिपी वाढतात. पांढरी चिपी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. बांधालगत मारांडी व मोरस आढळतात. मोरसाची भाजी होते. शेतात पावसाने मीठ धुऊन गेल्यावर रहू (मोड आणलेले भाताचे बी) फेकतात. खारेपणा सोसणारा लाल तांदळाचा राता हे येथील जुने वाण. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या सुधारित वाणांपुढे त्याची लागवड आकसली आहे.

प्राण्यांत निवटी, चिंबोरी, कोळंबी व जिताडा प्रमुख होत. जिताडा खाडीमुखाशी अंडी घालतो; पिले भरतीबरोबर गोडसर पाण्यात शिरतात. बहुतेक जिताडे प्रथम नर असतात व काही वर्षांनी मादी होतात. त्यामुळे मोठे मासे सरसकट पकडल्यास माद्याच कमी होतात. पिलांची वाट उघाडीतून (बांधातील पाण्याच्या दारातून) जाते. तिची झडप भरतीला मिटते, ओहोटीला उघडते. ती पूर्ण बंद ठेवली तर शेत वाचते, पण पिलांची वाट तुटते. पेण-अलिबागकडे शेतकरी ही पिले तळ्यांत वाढवतात. पाणमांजर व कोल्हाही खाजणात येतात. पक्ष्यांपैकी बगळे, खंड्या आणि हिवाळी तुतारी नेहमीचे.

बांधाला खांड पडून खारे पाणी आत राहिले, की थोड्याच वर्षांत शेतात कांदळवन उभे राहते. पुढे कायद्याने संरक्षित ठरलेले हे वन तोडून जमीन परत लागवडीखाली आणणे कठीण होते. म्हणून वेळेवर बांधदुरुस्ती शेतकऱ्याला निकडीची असते. पूर्वी ती गावकी करी. महाराष्ट्रात 1979 च्या खारभूमी विकास अधिनियमाने शासकीय योजनांची चौकट आली.