शालेय वर्ग आणि स्थलांतरितांविषयीची वृत्ती

परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या लोकांविषयी किशोरवयीन मुलांची मते घडण्यात वर्गातील सहवास, चर्चा आणि शिक्षकांचे वागणे यांचा मोठा वाटा असतो. घर व शेजार यांचा प्रभाव कमी नसतोच. पण वर्गात काय घडावे हे शिक्षणव्यवस्थेला ठरवता येते.

नुसते एका बाकावर बसवून पूर्वग्रह जात नाही. समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि अधिकाऱ्यांचा पाठिंबा असेल तरच सहवास उपयोगी ठरतो, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले. १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे गोऱ्या, कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्यावर तणाव वाढला. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी पाठाचे तुकडे करून गटातील प्रत्येकाला एकेक दिला. अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या सोबत्याची टिंगल केली, तर त्याच्याकडचा तुकडा कळत नसे आणि चाचणीत स्वतःचेच गुण जात. उपदेशापेक्षा ही अडचण अधिक परिणामकारक ठरली.

आंतरराष्ट्रीय नागरिकशास्त्र सर्वेक्षणात (२००९, २०१६, २०२२) साधारण चौदा वर्षांच्या मुलांना विचारतात: स्थलांतरितांना आपली भाषा व चालीरीती जपता याव्यात का, काही वर्षांनी मतदान करता यावे का? मुली मुलांपेक्षा बहुधा अधिक अनुकूल उत्तरे देतात. शिक्षक प्रश्नाच्या अनेक बाजू मांडतात का, मुले मोकळेपणाने मत देतात का, यावरून वर्गाचा खुलेपणाही मोजला जातो. अर्थात ही मुलांनी स्वतः दिलेली उत्तरे आहेत. प्रत्यक्ष वागणूक निराळी असू शकते.

वर्गात कोण एकत्र येणार, हे आधीच ठरलेले असते. जर्मनीतील बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते आणि विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझिअममध्ये स्थलांतरित कुटुंबांतील मुले तुलनेने कमी पोहोचतात. स्वीडनमध्ये सोळाव्या वर्षापर्यंत शाळा एकाच प्रकारची असली, तरी वस्त्यांची विभागणी शाळांतही उतरते.

शिक्षकाने आपले मत लादू नये आणि समाजात वादग्रस्त असलेला विषय वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावा, हे जर्मनीत १९७६ च्या बॉयटेल्सबाख सहमतीने (बॉयटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षणाच्या अभ्यासकांच्या बैठकीतून पुढे आलेली तत्त्वे) मान्य झाले. मात्र या तत्त्वाचा अर्थ मूल्यांविषयी गप्प राहणे असा नाही. मानवी प्रतिष्ठा तेथील राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात आहे. तरीही २०१८ मध्ये हॅम्बुर्गमध्ये स्थलांतराला विरोध करणाऱ्या उजव्या विचारांच्या एएफडी पक्षाने शिक्षकांच्या कथित पक्षपाताविरुद्ध तक्रारी घेणारे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा आधार तटस्थतेचाच घेतला होता.