काटा कुठल्या हातात धरायचा? युद्धकाळातल्या ‘फिनिशिंग स्कूल’ची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातल्या हेरगिरीवरच्या हलक्याफुलक्या चित्रपटांत एक प्रसंग हमखास येतो. पांढऱ्याशुभ्र टेबलावर काटे-चमचे मांडलेले, समोर करारी शिक्षक, आणि काटा चुकीच्या हातात धरला म्हणून बोलणी खाणारा होतकरू हेर. प्रेक्षक मनापासून हसतात. या प्रसंगामागे एक खरी शाळा आहे, आणि तिथले धडे पुढे शत्रूच्या मुलखात चुकले, तर शिक्षा मरणाची होती.

जून 1940 मध्ये पॅरिस पडलं. पुढच्याच महिन्यात ब्रिटनने ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’, म्हणजे एसओई, ही गुप्त संघटना उभी केली. शत्रूच्या ताब्यातल्या देशांत माणसं उतरवायची, घातपात घडवायचे आणि तिथल्या प्रतिकाराला बळ द्यायचं, हे तिचं काम. फ्रान्सला जाणाऱ्यांची पहिली पारख बहुधा सरेमधल्या वॉनबरो मॅनरमध्ये होई. मग स्कॉटलंडच्या डोंगरांत सुरुंग आणि हातघाईची लढाई, मँचेस्टरजवळ रिंगवेला पॅराशूट, आणि शेवटी हॅम्पशायरमधल्या ब्यूली इस्टेटीवरची घरं. या शेवटच्या टप्प्याला सगळे ‘फिनिशिंग स्कूल’ म्हणत. श्रीमंत घरांतल्या मुलींना चालणं, बोलणं, जेवणं शिकवणाऱ्या शाळांचं हे नाव. ते इथे चपखल बसलं, कारण इथेही रीतभातच शिकवत होते, फक्त ती दुसऱ्या देशाची.

शिक्षकांची यादी पाहिली तर थक्क व्हायला होतं. रानात पोट कसं भरायचं ते शिकवायला राजघराण्याच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीवरचा शिकाररक्षक. प्रचारतंत्र शिकवायला किम फिल्बी, जो पुढे सोव्हिएत रशियाचा हेर निघाला. मध्यरात्री जर्मन गणवेशातली माणसं दार उघडून आत येत, झोपेतल्या प्रशिक्षणार्थीला ओढून नेत आणि तोंडावर झगझगीत दिवा रोखून प्रश्नांची सरबत्ती करत. जवळच्या बोर्नमथच्या हॉटेलांत तर वेगळीच परीक्षा असे. नोरीन रिऑल्स या तरुणीला तिथे मुद्दाम पाठवत. जेवता जेवता, गोड बोलत ती समोरच्याकडून काही निघतंय का ते बघायची. जो बोलला, त्याची रवानगी रद्द होऊ शकत होती. हे काम आपल्याला किती जड गेलं, ते तिने म्हातारपणी मोकळेपणाने सांगितलं आहे.

पितळ उघडं पडायचं ते अगदी बारीक गोष्टींवरून. इंग्लंडात गाड्या डावीकडून धावतात, म्हणून रस्ता ओलांडताना माणूस सवयीने आधी उजवीकडे बघतो. फ्रान्समध्ये हे उलटं. टंचाईच्या फ्रान्समध्ये कॉफी बिनदुधाचीच मिळायची. तिथे ‘काळी कॉफी’ असं मुद्दाम मागणारा माणूस बाहेरचा, हे लगेच कळे. अमेरिकन माणूस मांस कापून झालं की काटा उजव्या हातात घेतो, युरोपीय डाव्यातच ठेवतो. म्हणून शिंपी परदेशी धाटणीचे कपडे शिवत, आणि विमानात चढण्याआधी एसओईच्या फ्रेंच विभागातल्या अधिकारी व्हेरा ॲटकिन्स प्रत्येकाचे खिसे तपासत. लंडनचं एखादं तिकीटही घात करू शकत होतं.

या शाळेतून गेलेल्यांपैकी माझं मन अडकतं ते नूर इनायत खानपाशी. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली 1886 मध्ये तिथे गायनशाळा उभी केली. मराठी संस्थानात रुजलेल्या सुरांच्या घरातली ही पणती, जन्मली मॉस्कोत आणि वाढली पॅरिसजवळ. जातककथा मुलांसाठी लिहिणारी, वीणा वाजवणारी. खोटं बोलणं तिला जमेना आणि आवडेनाही. ब्यूलीच्या अहवालात तिच्या बुद्धीबद्दलही बरं लिहिलेलं नाही. ती प्रत्यक्ष कामाला योग्य आहे का, याचीच शंका घेतली आहे. फ्रेंच विभागाचे प्रमुख मॉरिस बकमास्टर यांनी ती शंका धुडकावली.

जून 1943 मध्ये ती लायसँडर विमानातून फ्रान्समध्ये उतरली. वायरलेस घेऊन तिथे गेलेली पहिली स्त्री. सुरुवातीच्या दिवसांत तिने इंग्रजी सवयीने कपात आधी दूध ओतलं आणि यजमानीणबाईंनी तिला सावध केलं, अशी आठवण सांगतात. काही दिवसांतच तिच्या गटातली माणसं धडाधड पकडली गेली. लंडनने परत बोलावलं, ती गेली नाही. घरं बदलत, जड यंत्र बॅगेत घालून हिंडत तिने ऑक्टोबरपर्यंत संदेश पाठवले. मग फितुरीने ती पकडली गेली. पाठवलेले संदेश तिने वहीत जपून ठेवले होते. ती वहीही जर्मनांच्या हाती लागली.

चौकशीत ती फुटली नाही. दोनदा पळायचा प्रयत्न केला, मग तिला महिनोन्‌महिने साखळदंडात ठेवलं. 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. ती तीस वर्षांची होती. ब्रिटनने 1949 मध्ये तिला मरणोत्तर ‘जॉर्ज क्रॉस’ हा शौर्यसन्मान दिला, आणि लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये 2012 पासून तिचा अर्धपुतळा उभा आहे.