कालबाह्यता आणि जुनेपणा
मराठीत ‘जुना’ हे विशेषण वस्तूच्या वयाचे आणि ‘कालबाह्य’ हे तिच्या चालू उपयोगाचे निदर्शक आहे. बोलण्यात मात्र दोन्हींवर ‘मोडीत निघाले’ हाच शेरा बसतो.

‘जुना’ हा शब्द प्राकृत ‘जुण्ण’वरून आला. ‘जुण्ण’चे मूळ पुष्कळदा ‘जीर्ण’ असे सांगतात. तथापि त्यातील उकाराचा उलगडा ‘जूर्ण’ या वैदिक रूपाने अधिक सरळ होतो. दोन्ही रूपे झिजणे या अर्थाच्या ‘जॄ’ धातूची आहेत. याउलट ‘वृद्ध’ हा शब्द वाढणे या अर्थाच्या ‘वृध्’पासून, तर ‘म्हातारा’ बहुधा ‘महत्तर’ (अधिक मोठा) यापासून आला असून ‘म्हेत्रे’ हे आडनावही त्याच्याशीच जोडले जाते. अशा रीतीने वय होण्याच्या शब्दांत झीज आणि वाढ दोन्ही आहेत. ‘कालबाह्य’ या संस्कृत घडणीच्या समासात वयाचा मागमूस नाही. त्याच घडणीच्या ‘चलनबाह्य’ या शब्दावरून हे स्पष्ट होते : ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री हजाराची कोरी करकरीत नोटही चलनबाह्य झाली.

सातारा जिल्ह्यातील लिंब येथील बारामोटेची विहीर वीरूबाई भोसले यांनी बांधली असून तिचा काळ सामान्यतः १७१९ ते १७२४ असा धरतात. विहीर जुनी आहे. कालबाह्य झाली ती मोट, म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी ओढण्याची पिशवी. चामड्याच्या मोटेला वर जाड नाडा आणि खाली सोंडेला बारीक सोंदूर (दोर) बांधलेला असे. बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की भरलेली मोट वर येई आणि सोंड थारोळ्यात (पाणी पडण्याच्या कुंडात) मोकळी होई. तेलावरची इंजिने व पुढे विजेचे पंप आल्यावर हे सारे थांबले. गावोगावी शेवटी शिवल्या गेलेल्या मोटांचे चामडे त्या वेळी नवेच असणार, हे येथे ध्यानात घ्यावे. विहिरीत पाणी अजून आहे, मोट तिच्या नावात उरली आहे.

सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे ‘कालबाह्य’ या वर्गात घालणे मात्र अवघड आहे. जमिनीखालच्या या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुरात बरीच पेवे निकामी झाली आणि साठवण गोदामे व शीतगृहांकडे वळली. साधन मागे पडण्यात पुराचा वाटा एवढा मोठा असताना त्याला ‘कालबाह्य’पेक्षा ‘नामशेष होत चाललेले’ म्हणणे अधिक युक्त दिसते.