विषारी मातीचा निवाडा उकिरड्यातल्या गांडुळाकडे

कारखान्याशेजारच्या मातीत जस्त, शिसे, कॅडमियम किती, हे प्रयोगशाळा सांगते. त्या मातीत जीव टिकतो का, हे तपासायला गांडुळे सोडावी लागतात. इंग्लंडमधल्या एव्हनमाउथच्या जस्त-भट्टीभोवती याची निकड स्पष्ट दिसली. सुमारे 3 किमीवरच्या हॅलेन वूडमध्ये पालापाचोळा कुजेनासा झाला, थरावर थर साचले. भट्टीलगत तर गांडुळेच उरली नाहीत.

प्रमाणित चाचणी 1984 मध्ये आली. तिच्यासाठी निवडले आयसेनिया फेटिडा, आपल्याकडच्या गांडूळखताच्या बेडमधले तेच लाल गांडूळ. वाद इथूनच सुरू होतो. ते शेणात भराभर वाढते, म्हणून प्रयोगशाळेला सोयीचे. पण मुळात ते उकिरड्यातले, शेताच्या मातीतले नव्हे. माती तरी कुठे खरी होती? 70 टक्के बारीक वाळू, 20 टक्के केओलिन (पांढरी चिनीमाती), 10 टक्के पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा). सामू (pH) 6 च्या आसपास आणायला कॅल्शियम कार्बोनेट. या मातीत तपासायचे विष मिसळायचे, तुलनेसाठी काही बरण्या बिनविषारी ठेवायच्या. 20 अंश सेल्सिअसला प्रत्येक बरणीत 300 ते 600 मिलिग्रॅमची 10 प्रौढ गांडुळे सोडायची, सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजायची. बिनविषारी बरणीत 10 टक्क्यांहून जास्त मेली तर चाचणी बाद.

यात दोन चुका एकमेकींच्या उलट जातात. बरणीत मिसळलेला जस्ताचा क्षार ताजा, विरघळणारा असतो. वर्षानुवर्षे मुरलेले जस्त मातीच्या कणांना चिकटलेले असते. म्हणून एकूण जस्त तेवढेच असूनही बरणीतली माती जास्त मारक ठरते. उलट शेतातल्या काही जाती या गांडुळापेक्षा नाजूक आहेत, त्यामुळे धोका कमीही दिसतो. दोन्ही चुका मिळून हिशेब बरोबर येतो, असे मानायला आधार नाही. शिवाय मोजायचे फक्त मरण. पिले होणे त्याहून कमी विषानेच थांबते.

ही शेवटची उणीव 2004 च्या प्रजनन चाचणीने भरली: 28 दिवसांनी प्रौढ काढायचे, अंड्यांचे कोष मातीतच ठेवायचे, आणखी 28 दिवसांनी पिले मोजायची. गांडूळ मात्र तेच राहिले.

महाराष्ट्रात या चाचण्यांचे आकडे जसेच्या तसे लावणे धोक्याचे. केओलिनची माती कोकणातल्या जांभ्याला थोडीफार जवळची. चुनखडीयुक्त काळी माती जस्त कितीतरी घट्ट धरते. तुलनेसाठी त्याच प्रकारची, पण भट्टीपासून दूरची स्वच्छ माती घ्यावी, आणि सामू दोन्हीकडे आधी तपासावा. नाहीतर गांडुळे जस्ताने मेली की आम्लतेने, हे कळत नाही.