बत्तिसाव्या सेकंदाला तुटणारी व्हीसी

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या व्हीसीचं काम माझ्याकडे होतं. सरकारी असो की खाजगी, आपल्याकडे व्हिडिओ कॉन्फरन्सचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. 'साहेबांची अकराला व्हीसी आहे' एवढंच. मुख्य कार्यालयात सर्व्हर होता, आणि तालुक्याच्या शाखेत टीव्हीखाली बसवलेलं कॅमेऱ्याचं यंत्र, साध्या ब्रॉडबँडवर. तक्रार अशी की मुख्य कार्यालयातून कॉल लावला की शाखेत रिंग वाजते, चित्र येतं, आवाज येतो, नमस्कार होतात, आणि कॉल तुटतो. पुन्हा लावला की पुन्हा तेच. 'लाइन वीक आहे,' असं शाखेचं निदान होतं.

मी घड्याळ लावून बसलो. ३२ सेकंद. पुन्हा ३२. तिसऱ्यांदाही ३२. खराब लाइन इतकी वक्तशीर नसते.

व्हीसीचा सर्व्हर म्हटलं की चित्रं वाहून नेणारं भलंमोठं यंत्र डोळ्यांसमोर येतं. पण त्याचं पहिलं काम कारकुनाचं आहे, नोंदवही ठेवण्याचं. इंटरनेटवरच्या यंत्राचा पत्ता बदलत असतो. आज हा, राउटर बंद-चालू झाला की दुसरा. म्हणून शाखेतलं यंत्र चालू होताच सर्व्हरला 'रजिस्टर' नावाचा निरोप धाडतं. मी ४१०२, सध्या अमुक पत्त्यावर आहे, पुढचे ३६०० सेकंद मला इथेच शोधा. मुदत संपायच्या आत यंत्राने पुन्हा हजेरी लावायची; नाही लावली तर नाव खोडलं जातं.

पहिल्या खेपेला सर्व्हर ही नोंद बहुधा नाकारतो. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या निरोपांच्या नोंदीत, ४०१ असा नकार उमटतो आणि नवखा माणूस घाबरतो. मीही पासवर्ड तीनदा बदलला होता. पण तो रिवाजच आहे. नकारासोबत सर्व्हर एक यादृच्छिक अक्षरमाळ देतो. यंत्र तिच्यात आपला पासवर्ड कालवून, गणिताच्या जात्यातून दळून, ३२ अक्षरांचा ठसा परत पाठवतं. (या ३२चा वरच्या ३२शी काही संबंध नाही, योगायोग आहे.) सर्व्हर तेच दळण स्वतः दळून ठसे ताडून पाहतो, आणि जुळले तर २०० म्हणजे 'ओके'. पासवर्ड स्वतः तारेवरून जातच नाही.

हे आकडे ओळखीचे वाटले तर नवल नाही. न सापडलेल्या वेबपानाचा ४०४ इथेही 'असा कुणी नाही' म्हणून येतो, कारण ही यंत्रं एकमेकांशी ज्या बोलीत बोलतात तिने, म्हणजे 'सिप'ने, आपली घडण वेबकडून उचलली. सिपचं पहिलं मानक १९९९चं, आज चालतं ते मुख्यतः २००२चं. निरोप साध्या अक्षरांत असतात, त्यामुळे लॉग उघडून पत्रासारखे वाचता येतात. तिच्याआधीची बोली एच.३२३, दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या आयटीयूने १९९६ मध्ये मान्य केलेली. ती टेलिफोनवाल्यांच्या घरची. कॉल लावण्याचे तिचे निरोप आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन लाइनच्या वळणाचे, आणि सगळं द्विमान आकड्यांत, म्हणजे दुभाषी सॉफ्टवेअर असल्याशिवाय वाचता न येणारं. तिच्यात नोंदवही ठेवणाऱ्याला गेटकीपर म्हणतात. नोंदणी १७१९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या दारावर, कॉल १७२०वर. सिपचा सगळा कारभार मात्र ५०६०वर, आणि कुलूपबंद हवा असेल तर ५०६१वर.

दोघींचा स्वभावही वेगळा. एकच क्रमांक दोन यंत्रांना दिला गेला, तर गेटकीपर साधारणपणे दुसऱ्याला 'हे नाव घेतलेलं आहे' म्हणून परत पाठवतो. सिपचा नोंदवहीवाला, म्हणजे रजिस्ट्रार, दोघांनाही एकाच नावाखाली लिहून घेतो, आणि कॉल आला की दोन्ही खोल्यांत रिंग वाजू शकते. मला सिपची पद्धत सोयीची वाटते. मात्र कुणीतरी नजरचुकीने संचालकांचा क्रमांक स्टोअररूममधल्या जुन्या यंत्राला दिला की गेटकीपरचा खाष्टपणा आठवतो.

आता ३६०० सेकंदांच्या मुदतीतली गोम. शाखेचं यंत्र राउटरच्या आड असतं. आतून निरोप बाहेर गेला की राउटर परतीसाठी एक फट उघडी ठेवतो आणि काही काळ शांतता राहिली की बुजवतो. यूडीपी म्हणजे पोच न मागणाऱ्या टपालपद्धतीवरच्या फटीला निदान दोन मिनिटं तरी द्यावीत असा मानकाचा आग्रह आहे, पण बरेच घरगुती राउटर तेवढाही धीर धरत नाहीत. मग सर्व्हरच्या पडद्यावर ४१०२समोर तासभर हिरवा ठिपका, आणि कॉल लावला तर शाखेत रिंगच नाही. उपाय सोपा आहे : मुदत कमी करायची, किंवा दर काही सेकंदांनी रिकामा निरोप पाठवून फट जागी ठेवायची. आमच्याकडे हे केलेलं होतं, म्हणून रिंग तरी वाजत होती.

रिंग वाजली आणि शाखेने कॉल उचलला, की तिथलं यंत्र २०० पाठवतं आणि सोबत लिहितं, 'यापुढचे निरोप या पत्त्यावर द्या.' त्यावर सर्व्हरने 'ॲक' म्हणजे पोच द्यायची, तेव्हा कॉल पक्का. आमच्या यंत्राने लिहिलेला पत्ता होता १९२.१६८.१.२०. हा राउटरच्या आतल्या घरचा पत्ता. असे पत्ते लाखो घरांत आहेत. पाकिटावर गाव-पेठ न लिहिता नुसतं 'दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली' लिहावं, तसं. सर्व्हरने प्रामाणिकपणे पोच त्याच पत्त्यावर टाकली आणि ती कुठेच पोचली नाही.

पोच न मिळालेलं यंत्र तेच २०० पुन्हा पाठवतं. आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. निरोप जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागेल असं सिपने धरलेलं आहे आणि त्याच्या ६४ पट वाट पाहायची असा नियम आहे. अर्ध्याची ६४ पट, ३२. लॉगमध्ये एकाखाली एक अकरा २०० मोजता आले, आणि त्यांच्याखाली यंत्राने स्वतः पाठवलेला 'बाय'. कॉल शाखेनेच तोडला होता, अगदी नियमाने.

मग चित्र कसं येत होतं? चित्र-आवाजाची पाकिटं वेगळ्या वाटेने जातात, आणि त्यांच्यासाठी आमचा सर्व्हर लिहिलेल्या पत्त्यावर विसंबत नव्हता. पाकीट प्रत्यक्षात जिथून आलं तिथेच उलट पाठवत होता. नोंदणीच्या वेळीही तेच शहाणपण चालू होतं. फक्त कॉलच्या उत्तरातला पत्ता तपासायचा पर्याय सर्व्हरच्या सेटिंग्जच्या तिसऱ्याच पानावर होता आणि तो बंद होता. एक खूण करायची राहिली होती.

ती केली, आणि शाखेच्या राउटरमधलं 'सिप एएलजी'ही बंद करायला सांगितलं. ते निरोपातले पत्ते सुधारायला म्हणून असतं, पण अर्धेच सुधारून ठेवतं असा माझा अनुभव. त्याच बैठकीत नोंदणी नसलेल्यांचे कॉल घेणंही बंद केलं. ५०६० उघडं दिसलं की इंटरनेटवरचे भामटे १००, १०१ असे क्रमांक चाचपत येतात, आणि रात्री दोनला रिकाम्या सभागृहात रिंग वाजते. पहारेकऱ्याने ती उचलल्याचंही ऐकलं आहे.

दुसऱ्या दिवशी व्हीसी पाऊण तास चालली. संपल्यावर शाखेतून विचारणा झाली, 'ब्रॉडबँडवाला येऊन गेला वाटतं?' मी 'हो' म्हटलं.