मूठभर ठिपके आणि उलटा क्रूस

'फेथ: द अनहोली ट्रिनिटी' हा व्हिडिओ गेम २०२२ सालचा, पण दिसतो चाळीस वर्षं जुना. काळाकुट्ट पडदा, मोजके रंग, आणि मधोमध एक पाद्री. उंची माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी, चेहऱ्याच्या जागी दोन-चार चौकोनी ठिपके. कनेटिकटमधल्या एका घरात १९८६ साली मुलीच्या अंगातलं भूत उतरवताना सगळं विस्कटलं, म्हणून वर्षभराने तो पुन्हा त्या घराकडे निघालाय. बंदूक नाही, सुरी नाही. हातात फक्त क्रूस. कुणी गाठलं तर एकाच फटक्यात खेळ खलास.

मी आणि माझा वसईचा कॉलेजमित्र, दोघं त्याच्या हॉलमध्ये दिवे मालवून हा गेम खेळत बसलो होतो. "यात घाबरण्यासारखं काय आहे? नुसते ठिपके तर आहेत," हे वाक्य माझं. वीसेक मिनिटांत मी दोन्ही पाय सोफ्यावर उचलून घेतले होते, हे वाक्य त्याचं, आणि तो ते आता सगळ्यांना सांगतो.

ठिपक्यांना मी कमी लेखलं ती माझी चूक. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली एक साधा पण अफाट प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसाच्या खांद्यांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर, घोट्यांवर असे दहा-बारा प्रकाशबिंदू लावायचे आणि बाकी सगळा अंधार करायचा. माणूस स्थिर असेल तर बघणाऱ्याला काहीच उमगत नाही, आकाशात विखुरलेल्या चांदण्यांसारखे ठिपके दिसतात. तो पाऊल उचलतो आणि त्याच क्षणी बघणारा म्हणतो, अरे, हा तर माणूस! पुढे मोजलं तेव्हा यासाठी सेकंदाचा पाचवा हिस्साही पुरतो असं दिसलं. ठिपक्यांच्या रांगोळीत रेषा आपण बोटांनी ओढतो, इथे त्या मेंदू ओढतो, तेही न विचारता.

गेममधली सर्वांत भयानक दृश्यं नेमकी यावरच उभी आहेत. ती रोटोस्कोपिंगने केलेली आहेत, म्हणजे खऱ्या हालचालींवर चौकटीमागून चौकट गिरवून. चित्र ओबडधोबड, पण चाल जिवंत. खेकड्यासारखं वाकडं होऊन काहीतरी अंगावर धावून येतं तेव्हा डोळे सांगतात 'ठिपके' आणि मेंदूचा हालचाल ओळखणारा भाग सांगतो 'शरीर'. या भांडणात अंगावर काटा येतो. झकपक ग्राफिक्सच्या गेममध्ये मला असं कधी झालं नाही. तिथे सगळं दाखवून झालेलं असतं, मेंदूला करायला काही उरत नाही.

दचकणं मात्र वेगळं. एकदम मोठा आवाज झाला की कानातला संदेश मेंदूच्या खालच्या खोडातून थेट स्नायूंकडे जातो. पापणी मिटते ती साधारण चाळीस-पन्नास मिलिसेकंदांत, विचार करणाऱ्या मेंदूला खबर लागण्याच्या आत. अंधारात ही प्रतिक्रिया आणखी जोरदार होते, हेही प्रयोगांत दिसलंय. यात धर्म नाही, भाषा नाही. आम्ही दोघंही सारखेच दचकलो, त्याची चहाची कपबशीही सारखीच हिंदकळली.

खरा फरक पडला तो पडद्यावर उलटा क्रूस, म्हणजे हल्ली सैतानाची मानली जाणारी खूण, आली तेव्हा. मी पुढे काय येतंय याची वाट बघत होतो. मित्राने लॅपटॉप अर्धा मिटला.

"हे नको रे. आजीने बघितलं तर मारेल."

त्याची आजी जाऊन सात वर्षं झाली.

गंमत म्हणजे उलट्या क्रूसाचा जुना अर्थ त्यानेच मला सांगितला. परंपरेनुसार संत पीटरला उलटं टांगून क्रूसावर चढवलं, म्हणून ती त्याच्या नम्रतेची खूण. माहीत सगळं होतं, पण छाती ऐकत नव्हती.

ही भीती येते कुठून? मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी १९८०च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरताना बघितलं आणि काही मिनिटांत तीही घाबरायला शिकली. मग व्हिडिओत फेरफार करून माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं, तेव्हा मात्र बघणारी माकडं फुलाला घाबरेनात. आता क्रूस हा सापापेक्षा फुलाच्याच जातीचा, त्यात मुळातून भिण्यासारखं काही नाही. पण माणसाकडे माकडाकडे नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे सांगणं. मेंदू-संशोधक एलिझाबेथ फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी २००१ साली लोकांना फक्त सांगितलं की अमुक रंगाचा चौकोन दिसला की विजेचा झटका बसू शकतो. झटका कुणालाच दिला नाही. तरी तो रंग दिसताच त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग जागा झाला. सांगणं पुरलं.

गेमचा काळ १९८०च्या दशकातल्या अमेरिकेचा आहे, आणि तो उगीच निवडलेला वाटत नाही. पाळणाघरांत सैतानाचे पंथ मुलांचा छळ करतात, या सांगोवांगीने तेव्हा तो देश पछाडला होता. कॅलिफोर्नियातलं मॅकमार्टिन पाळणाघराचं प्रकरण १९८३ ते १९९० चाललं आणि एकही आरोप सिद्ध झाला नाही. फेल्प्स यांच्या प्रयोगातला झटका जेवढा खरा, तेवढाच तिथला सैतान.

दीड वाजता आम्ही गेम बंद केला आणि पाय मोकळे करायला खाली उतरलो. अमावास्या जवळ आली असावी, कारण सोसायटीच्या पुढच्या तिठ्यावर उतारा ठेवलेला होता: कापलेलं लिंबू, कुंकू, थोडा भात. मित्र फोनमध्ये डोकं घालून सरळ त्यावरून ओलांडून गेला. मी न्यूरॉन, अमिग्डाला वगैरे त्याला समजावत होतो, ते तसंच चालू ठेवलं आणि पलीकडच्या पार्किंगमधून वळसा घालून त्याला गाठलं.